रेशनचा तांदूळ आणि घरचे पोषण
(महिला मेळाव्यात केलेले भाषण)



प्रथम आमची एक चूक कबूल करतो. पोषणाची माहिती देण्यासाठी आम्ही कार्यकर्ते एका वाडीत गेलो होतो. हातात तक्ता होता. त्यावर सफरचंद, बदाम आणि दुधाचा पेला. आमचे बोलणे संपल्यावर एक आजी म्हणाल्या, "बाबांनू, ह्या सगळा रेशनार गावता काय?" आम्ही निरुत्तर झालो. ज्या घराचा महिना रेशनच्या पिशवीवर निघतो, त्या घराला न परवडणारी यादी वाचून दाखविणे हे शिक्षण नव्हे, ती थट्टाच होय. तेव्हापासून आम्ही घरात काय आहे, तेथूनच सुरुवात करतो.

२०१३ च्या राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबाला दर माणशी दरमहा ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्याचा हक्क दिला. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत झाले. हा हक्क आहे, उपकार नव्हे. परंतु हिशेब करून पाहा. ५ किलो म्हणजे दिवसाला जेमतेम १६५ ग्रॅम. तेवढ्या तांदळातून प्रथिने मिळतात सुमारे १३ ग्रॅम. मोठ्या माणसाला लागतात ५० ग्रॅमच्या आसपास. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे पोट भरते, पण अंगात रक्त भरत नाही.

ही तूट काही अंशी भरून काढणारे अन्न आपल्याच कोकणात आहे. शंभर ग्रॅम कुळथात २० ग्रॅमहून अधिक प्रथिने असतात. शंभर ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमहून अधिक कॅल्शियम असते. पॉलिशच्या तांदळात ते दहाच्या आसपास. पण नाचणीची भाकरी "गरिबाचे खाणे" म्हणून आपणच मागे टाकली. पेडवे स्वस्त, म्हणून त्यांनाही कमी लेखले. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा सुकट, कुळथाची पिठी, टाकळा व शेवग्याचा पाला यांनी आपल्या आयांनी घरे चालविली. खारवलेले मासे मात्र नीट धुऊन, बेतानेच खावेत. रक्तदाब असणाऱ्यांनी टाळलेलेच बरे. कुळीथही विकतच घ्यावे लागते, हे आम्ही जाणतो. म्हणून चहाबरोबरच्या बिस्किटांच्या पुड्यांवर महिन्याला किती जातात, ते एकदा मोजा आणि त्यातले थोडे कुळीथ-चवळीकडे वळवा.

चुलीपाशी काही सवयी बदलणेही अगत्याचे आहे. तांदूळ पुन्हा पुन्हा चोळून धुऊ नये. भाताचे पाणी ओतून न देता पेज म्हणून प्यावे. गेल्या काही वर्षांत रेशनच्या तांदळात निराळे दिसणारे, पाण्यावर तरंगणारे दाणे आढळले आणि ते "प्लास्टिकचे" म्हणून अनेकींनी वेचून टाकले. ते लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळून तांदळाच्याच पिठापासून केलेले दाणे होते. शंभर दाण्यांत साधारण एक. ज्या रक्तक्षयावर ते उपाय होते, तोच आपण उकिरड्यावर टाकला! दोष भगिनींचा नाही, वेळेवर समजावून न सांगणाऱ्या आम्हा सर्वांचा आहे. जेवणाबरोबर चहा घेतल्यास अन्नातील लोह अंगी कमी लागते. तेव्हा चहा तासभर मागे-पुढे घ्यावा. पानात लिंबाची फोड किंवा आवळा असावा.

आता शेवटचे, आणि ते बंधूंसाठी. आपल्या घरात सर्वांचे उरकल्यावर आई जेवते. तोवर आमटीतले फोडीचे कालवण संपलेले असते, माशाचा तुकडा उरलेला नसतो. अंगणवाडीतून गरोदर वा स्तनदा मातेला मिळणारा आहारही सगळ्या घरात वाटला जातो. तो तिच्या वाट्याचा आहे, तिच्या पोटातल्या जिवाचा आहे. आज रात्री तिचे पान आपल्याबरोबर मांडा. याला एक पैसाही लागत नाही.

आमचा जुना तक्ता आम्ही काढून टाकला. नव्या तक्त्यावर नाचणी, कुळीथ, पेडवे आणि शेवगा आहेत. त्या आजींच्या वाडीत तो घेऊन आम्ही पुन्हा जाणार आहोत.