यादीचे दार

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषण)



राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना महाराष्ट्रात २०१२ च्या जुलैमध्ये ८ जिल्ह्यांत सुरू झाली, २०१३ मध्ये राज्यभर गेली, आणि २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०२३ च्या शासननिर्णयाने शिधापत्रिकेच्या रंगाचा भेद काढून संरक्षणाची मर्यादा कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत नेण्याचे ठरले. चर्चा होते ती या रकमेची. परंतु ती रक्कम रोग्यापर्यंत एकाच दारातून पोचते. ते दार म्हणजे अंगीकृत रुग्णालयांची यादी.

यादीत येण्यासाठी रुग्णालयाला अर्ज करावा लागतो. शुश्रूषागृहाची नोंदणी, खाटा, शस्त्रक्रियागृह, अतिदक्षता विभाग, डॉक्टरांच्या पदव्या आणि वैद्यक परिषदेकडील नोंद, हे सारे तपासले जाते. मग करार होतो, तोही ठराविक विशेषज्ञतांपुरता. हाडांच्या शस्त्रक्रियेस मान्यता असलेल्या ठिकाणी हृदयविकाराचा रोगी गेला, तर कार्ड खिशात असूनही आरोग्यमित्र त्याला दुसरा पत्ता सांगतो.

ही तपासणी म्हणजे नुसता कागदी जाच, असे खाजगी रुग्णालयांचे चालक म्हणतात. ते मान्य करण्याचे कारण नाही. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारला नाही. येथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदाच चालतो, आणि त्याच्या नियमांत रुग्णहक्कांची सनद येण्यास २०२१ साल उजाडले. नियमनाचे जे काम कायद्याने व्हावयाचे, ते बऱ्याच अंशी विम्याच्या करारावर येऊन पडले आहे. कराराची कठोर शिक्षा कोणती? यादीतून काढणे. जेथे दहा रुग्णालये आहेत तेथे ती रुग्णालयाला होते; जेथे एकच आहे तेथे रोग्याला.

अर्थशास्त्राच्या परिभाषेत ही योजना मागणीला पैसा पुरवते. पुरवठा आपोआप उभा राहील असे ती गृहीत धरते. खाजगी रुग्णालय मात्र पैसे मोजणारा रोगी जेथे आहे तेथे उभे राहते. पुण्यातील ज्या रुग्णालयाच्या खाटा तशाच भरतात, त्याला योजनेचे बांधलेले दर नकोसे वाटतात. भामरागडात यादीत येऊ शकेल असे मोठे खाजगी रुग्णालयच नाही. तेथून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. बुडालेली मजुरी आणि सोबत आलेल्या माणसाचा मुक्काम यांचा हिशेब पाच लाखांत कोठेही धरलेला नाही.

१९४८ च्या राज्य विमा कायद्याची वाट निराळी होती. कामगाराची वर्गणी घेतल्यावर त्याच्यासाठी दवाखाने आणि रुग्णालये उभारण्याची जबाबदारीही त्या व्यवस्थेने घेतली. त्या रुग्णालयांच्या दुरवस्थेविषयी कामगारांनी केलेल्या तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु तक्रार करण्यापुरते रुग्णालय तरी तेथे होते!

खाजगी विम्याच्या बाजारातही यादी अडचणीची ठरली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वसाधारण विमा कंपन्यांच्या परिषदेने यादीबाहेरील रुग्णालयातही रोकडविरहित उपचाराची सोय जाहीर केली. ठरवून दाखल व्हावयाचे असल्यास ४८ तास आधी कळवावे, एवढीच मुख्य अट. पॉलिसी विकत घेऊ शकणाऱ्या मध्यमवर्गासाठी भिंत निदान ठेंगणी झाली. फुले योजनेच्या रोग्यासाठी ती आहे तेवढीच उंच आहे.

म्हणून मागणी यादी वाढवण्यापुरती असून भागणार नाही. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयांत भूलतज्ज्ञ, शल्यविशारद आणि रक्तसाठा यांची व्यवस्था झाली, तर योजनेचा पैसा सार्वजनिक व्यवस्थेतच राहील आणि रोग्याचा प्रवास वाचेल. त्यासाठी अर्थसंकल्पात पदे मागावी लागतील.

पुढील वर्गास येताना प्रत्येक शाखेने आपल्या तालुक्याची यादी आणावी: रुग्णालय कोणते, मान्यता कोणत्या उपचारांना, आणि गेल्या महिन्यात दारातून परत गेलेले रोगी किती. शेवटचा आकडा सरकारी कागदावर सापडणार नाही. तो गावात विचारावा लागेल.