सौंदर्योपचार आणि सावधगिरी
(वार्षिक संमेलनातील भाषण)



विवाह ठरला की वधूच्या, आणि अलीकडे वराच्याही, मुखकांतीची चिंता आपल्या घरांतून सुरू होते. शस्त्रक्रिया नाही, केवळ सुई टोचावयाची, म्हणून हा उपचार निर्धोक, ही समजूत आम्हांस घातक वाटते. ओठ वा गाल भरण्यासाठी टोचतात ते ‘फिलर’ चुकून रक्तवाहिनीत गेले तर रक्तप्रवाह अडतो. त्वचा मरते, क्वचित दृष्टीही कायमची जाते. हायलुरॉनिक अॅसिडचे फिलर ‘हायलुरॉनिडेज’ने विरघळविता येते, परंतु ते औषध तेथे हाताशी हवे आणि धोका तत्काळ ओळखणारा डॉक्टरही हवा. ब्यूटी पार्लरमध्ये यांपैकी काय असते? टोचणारा नोंदणीकृत डॉक्टर आहे काय, कुपीवरील मुदत संपली नाही ना, संमतीपत्रावर सही घेण्यापूर्वी धोके सांगितले काय, हे विचारण्यात संकोच कसला? शालूचा पोत तर आपण दहा वेळा पाहतो! गोरेपणाच्या मलमांचेही तेच. स्टेरॉइडयुक्त मलमांना सरकारने २०१८ साली डॉक्टरांच्या चिठ्ठीची अट घातली. तरी ती शेजारणीच्या सल्ल्याने चोळली जातातच. आणि लग्नाच्या आठवड्यात सुई नकोच; सूज व काळेनिळे डाग उतरण्यास दिवस लागतात, मुहूर्त त्यांच्यासाठी थांबत नाही.