न खाल्लेले पथ्य



शस्त्रक्रिया करून मूत्राशयातला खडा काढला, कुत्रा घरी आला, की डॉक्टर एक खास आहार लिहून देतात. घरचे लोक ती महागडी पिशवी आणतात, वाटीत दाणे ओततात, आणि कुत्रा हुंगून तोंड फिरवतो. दोन दिवसांत घरात दोन तट पडतात. एकाचे म्हणणे, भूक लागली की झक मारत खाईल. दुसऱ्याचे म्हणणे, मुक्या जिवाचे हाल कशाला, आवडते ते द्या. माझे म्हणणे असे की हे भांडण चुकीच्या प्रश्नावर चालले आहे. खडा पुन्हा होऊ नये म्हणून जे करायचे त्यात पहिले स्थान पाण्याचे आहे, पिशवीचे त्यानंतर. आणि पाणी नखरेल कुत्र्याच्याही पोटात घालता येते, कारण ते त्याला रुचणाऱ्या अन्नातून जाऊ शकते.

साखरेचा पाक आटत गेला की कडेला कण धरू लागतात. लघवीत विरघळलेल्या क्षारांचेही तसेच होते. लघवी जितकी दाट, तितके स्फटिक जमण्याची शक्यता जास्त. म्हणून पशुवैद्यकात लघवीचे विशिष्ट गुरुत्व मोजतात आणि खडे झालेल्या कुत्र्यात ते 1.020 च्या खाली ठेवण्याचा प्रयत्न करतात. आता अन्नाकडे पाहा. कोरड्या दाण्यांत दहा टक्क्यांच्या आसपास पाणी असते, डब्यातल्या ओल्या अन्नात पंचाहत्तर टक्क्यांच्या वर. यावर कोणी म्हणेल, दाणे खाणारा कुत्रा वरून पाणी पिऊन तूट भरून काढतो. काही कुत्रे काढतात, सगळे नाही. 2003 साली मिनिएचर श्नाउझर आणि लॅब्राडॉर यांच्यावर प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हाच फरक दिसला. अन्नातला ओलावा वाढवल्यावर श्नाउझरच्या लघवीत कॅल्शियम ऑक्झलेट या प्रकारचा खडा जमण्याची शक्यता घटली. लॅब्राडॉर मात्र कोरडे अन्न मिळाले तर आपणहून जास्त पाणी पीत होते. आपल्या फ्लॅटमधून वाढलेले शिह त्झू आणि ल्हासा अप्सो हे श्नाउझरप्रमाणेच ऑक्झलेटच्या खड्यांना बळी पडणारे लहान जातींचे कुत्रे आहेत, आणि आपल्याकडे एप्रिल-मेचा उन्हाळा आहे. त्यांच्या तहानेवर विसंबून राहणे मला धोक्याचे वाटते.

याचा अर्थ खास आहार निरुपयोगी आहे असा नाही. 'मग डॉक्टर तो लिहून का देतात?' हा आक्षेप रास्त आहे आणि त्याचे उत्तर खडा कोणता यावर अवलंबून आहे. कुत्र्यांत स्ट्रुवाइट आणि कॅल्शियम ऑक्झलेट हे दोन प्रकार सर्वांत जास्त आढळतात, आणि दोघांचे स्वभाव वेगळे आहेत. स्ट्रुवाइट बहुतेक वेळा मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गातून होतो. तो योग्य आहार आणि प्रतिजैविके यांनी विरघळू शकतो, आणि त्या काळात ठरलेल्या अन्नाला पर्याय शोधू नये. पण एकदा तो गेला की पुढची खरी राखण संसर्गावर नजर ठेवण्यात असते. वेळोवेळी लघवीची तपासणी आणि कल्चर करून घेणे हे कोणत्याही पिशवीपेक्षा मोलाचे. ऑक्झलेट कोणत्याही आहाराने विरघळत नाही. तो काढावाच लागतो, आणि काढल्यावरही अनेक कुत्र्यांत काही वर्षांत परततो. तिथे पाणी हाच मुख्य आधार. डाल्मेशियनचा युरेटचा खडा आणखी निराळा. त्या जातीतला जनुकीय दोष 2008 साली सापडला, आणि तिथे युरेट ज्यातून बनते त्या प्युरीनने भरलेली कलेजी आणि तारलीसारखे मासे टाळून अंडी, पनीर यांवर भर द्यावा लागतो. म्हणून काढलेला खडा फेकू नका, तो प्रयोगशाळेत तपासून घ्या. खडा माहीत नसताना पाळलेले पथ्य चुकीच्या दिशेनेही नेऊ शकते: स्ट्रुवाइटसाठी लघवी आम्ल करणारा आहार ऑक्झलेटच्या कुत्र्याला नको असतो.

आता नखऱ्यांकडे. कालपर्यंत चापून खाणारा कुत्रा अचानक तोंड फिरवू लागला, तर तो आजार समजावा. दात, मूत्रपिंड, मळमळ, पुन्हा झालेला संसर्ग यांपैकी काहीही असू शकते. पण वर्षानुवर्षे 'नखरेल' म्हणून ओळखला जाणारा कुत्रा पुष्कळदा पोट भरलेला असतो. सहा किलोच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे चारशे कॅलरी पुरतात. आजीने दिलेली एक पोळी साधारण शंभर कॅलरींची, म्हणजे दिवसाचा चौथा हिस्सा. त्यावर मुलांची बिस्किटे आणि कुणी टाकलेला चिकनचा तुकडा. मग वाटीतले अन्न त्याला नको वाटले तर त्यात त्याचा काय दोष? घरातल्या सर्वांनी मिळून हे वरचे खाणे दिवसाच्या कॅलरींच्या दहा टक्क्यांवर आणले, तर निम्मे नखरे ओसरतील असे मला वाटते. बाकीचे काम सबुरीचे. नवे अन्न जुन्यात थोडे थोडे मिसळत आठ-दहा दिवसांत बदलावे. ते कोमट करावे, म्हणजे वास येतो. त्यात पाणी, किंवा मीठ, कांदा, लसूण न घालता उकळलेल्या चिकनचे पाणी ओतावे. वाटी पंधरा-वीस मिनिटांनी उचलावी. दाणे नकोच असतील तर त्याच आहाराचा ओला प्रकार मागावा, किंवा दुसऱ्या कंपनीचा.

'भूक लागली की खाईल' हे धडधाकट मोठ्या कुत्र्याच्या एखाद्या जेवणापुरते ठीक आहे. आजारातून उठलेल्या लहान कुत्र्यावर तो प्रयोग करू नये. न खाल्लेल्या अन्नाबरोबर त्यातले पाणीही जाते. एक दिवस पूर्ण उपाशी राहिला तर डॉक्टरांना विचारावे.

'घरचेच द्यावे, ते नैसर्गिक' हा आक्षेप आपल्याकडे फार प्रेमाने मांडला जातो. घरच्या अन्नात पाणी असते, म्हणून मी त्याच्या विरोधात नाही. पण दूध-पोळी हा पूर्ण आहार नव्हे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील संशोधकांनी 2013 साली कुत्र्यांसाठीच्या दोनशे घरगुती पाककृती तपासल्या; पंचाण्णव टक्के पाककृतींत किमान एक आवश्यक घटक कमी पडत होता. म्हणून घरचे द्यायचे तर पशुआहाराच्या जाणकाराकडून मापाने लिहून घ्यावे. ऑक्झलेटच्या कुत्र्याला पालक, बीट, रताळे आणि सी जीवनसत्त्वाच्या गोळ्या देऊ नयेत. पण भीतीपोटी कॅल्शियम मनानेच तोडू नये, कारण ते कमी पडले की आतड्यातून ऑक्झलेट जास्त शोषले जाते. आणि एक गोष्ट ठासून सांगतो. माणसांच्या मूतखड्यावर आपण पानफुटीची पाने खातो म्हणून ती कुत्र्याला घालू नका. त्या वनस्पतीतली द्रव्ये कुत्र्याच्या हृदयाला विषारी आहेत. मीठ वाढवून पाणी प्यायला लावण्याची युक्तीही हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णाला घातक ठरू शकते.

पाणी वाढले की लघवी वाढणार, आणि कुत्र्याला जास्त वेळा खाली न्यावे लागणार, अशी तक्रार होईल. ती खरी आहे. दिवसभर दाबून ठेवलेली लघवी पातळ असली तरी खड्याला वेळ देतेच. ज्या घरात सकाळी नऊ ते संध्याकाळी सात कुणी नसते, त्या घराने दुपारच्या फेरीची सोय केल्याशिवाय आहाराबद्दल बोलूच नये.

शेवटी एक विनंती. नर कुत्र्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो आणि शिश्नातल्या हाडापाशी खडा अडकतो. कुत्रा वारंवार पाय उचलून जोर करतो आहे आणि थेंबच येतात किंवा काहीच येत नाही, असे दिसले तर पाणी पाजत बसू नका, सकाळची वाट पाहू नका. त्याच तासाला दवाखान्यात न्या.