मागची रांग का चुकते?

आज ढोल-ताशा पथकाबद्दल बोलू.

मागच्या गणपतीत जालन्यात आमची शेवटची रांग सारखी मागं पडत होती. मी पोरांना सगळ्यांसमोर झापलं. एक जण परत आलाच नाही.

नंतर हिशोब केला. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. म्हणजे ३४ मीटर मागं ताशा सेकंदाचा दहावा भाग उशिरा पोचतो. त्यांचा ढोल पुढं ऐकू यायला अजून तेवढाच वेळ. पोरं ऐकून बरोबरच वाजवत होती! चूक माझी.

आता ध्वजधारी ताशाजवळ, ठेक्याला ध्वज उंचावतो. मागच्यांनी कान नाही, नजर ठेवायची.

त्या पोराच्या घरी जाऊन सॉरी म्हणालो. यंदा ध्वज त्याच्याच हातात आहे.