घनफळ : पाठ केलेले आणि समजलेले



वसंत ऋतूतल्या व्याख्यानमालेत श्रोते संध्याकाळच्या गार वाऱ्याबरोबर काव्य-शास्त्र-विनोदाची अपेक्षा घेऊन येतात. अशा ठिकाणी मी गणिताचा, आणि त्यातही घनफळाचा विषय घेऊन उभा राहिलो, याबद्दल आधीच क्षमा मागतो. मुलांना ठोकळ्याचे आणि पेटीचे घनफळ कसे शिकवावे, एवढाच माझा प्रश्न आहे. तो मास्तरांनी मास्तरांना विचारावा असा वाटेल. पण तो तुमच्या घरातल्या पाण्याच्या टाकीचा आणि दारात येऊन पडणाऱ्या वाळूचाही प्रश्न आहे. एके काळी तो आमच्या घरच्या भाकरीचा प्रश्न होता. तिथूनच सुरुवात करतो.

१९७२ चा दुष्काळ तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. मी तेव्हा सातवीत होतो. माणदेशातले आमचे गाव. माझी आई दुष्काळी कामावर खडी फोडायला आणि माती खणायला जात असे. खणलेल्या मातीच्या मापावर टोळीला मजुरी मिळे. खड्ड्याच्या मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा, म्हणजे मूळ जमीन कुठपर्यंत होती त्याचा तो साक्षीदार. मग फीत लावायची आणि वहीत आकडा पडायचा.

एका आठवड्याला टोळीचा खड्डा भरला तीन मीटर लांब, दोन मीटर रुंद, अर्धा मीटर खोल. माप झाले तीन घनमीटर. पुढच्या आठवड्यात टोळीत माणसे वाढली. खड्डा सहा मीटर लांब आणि चार मीटर रुंद झाला. खोली तीच, अर्धा मीटर. मोजणी करणारा म्हणाला, "लांबी दुप्पट, रुंदी दुप्पट. म्हणजे माप दुप्पट, सहा घनमीटर." त्याने हे मुद्दाम केले की घाईत त्याच्याकडून झाले, ते मला सांगता येणार नाही. आईने माझ्याकडे पाहिले. मी वर्गात पहिला येणारा मुलगा. 'लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची' हे मला झोपेतही म्हणता आले असते. मी मान डोलावली. दुप्पट, बरोबर आहे!

आई शाळेची पायरी चढलेली नव्हती. ती म्हणाली, "अरं, ह्यात कालचं खड्डं किती बसतील ते सांग की आधी." तिने दोरीने खड्ड्याची लांबी निम्मी केली, रुंदी निम्मी केली. जमिनीवर चार चौकोन पडले आणि प्रत्येक चौकोन मागच्या आठवड्याच्या खड्ड्याएवढा. चार खड्डे, प्रत्येकी तीन घनमीटर, म्हणजे बारा. वहीतला सहाचा आकडा खोडून तिथे बारा लिहिले गेले. टोळीची निम्मी मजुरी वाचली, आणि ती माझ्यामुळे नव्हे, तर मी असूनही वाचली.

सूत्र मला येत होते. सहा गुणिले चार गुणिले अर्धा असा गुणाकार केला असता, तर उत्तर बाराच आले असते. पण मी तो केला नाही. करावासा वाटलाच नाही. 'दुप्पट' हा शब्द कानाला बरा लागला आणि मनात शंका उठली नाही. ज्या सूत्राखाली चित्र नसते ते शंका जागी करीत नाही, आणि शंका जागी करत नाही ते ज्ञान अडचणीच्या वेळी उपयोगी पडत नाही. पुढे मीच शिक्षक झालो आणि पहिली काही वर्षे मुलांना तेच सूत्र तसेच पाठ करून घेतले, हा माझा दुसरा अपराध.

आता मुले कुठे चुकतात ते पाहू. पाच ठोकळे लांब, चार रुंद आणि तीन उंच अशी एक रास रचा आणि मुलाला विचारा, ठोकळे किती? कोणी पाच, चार आणि तीन यांची बेरीज करून बारा म्हणेल. ते सोडून द्या. ती घाईची चूक आहे. पण एखादा शहाणा मुलगा चौऱ्याण्णव म्हणतो. हे चौऱ्याण्णव आले कुठून? त्याने राशीच्या सहाही बाजूंवर दिसणारे चौकोन मोजले. कडेचा ठोकळा दोनदा मोजला, कोपऱ्यातला तीनदा, आणि पोटात दडलेले सहा ठोकळे एकदाही नाहीत. पुस्तकातले चित्र पाहून मोजणारा सत्तेचाळीस म्हणतो, कारण चित्रात तीनच बाजू दिसतात. मायकेल बतिस्ता आणि डग्लस क्लेमेंट्स या अमेरिकन संशोधकांनी १९९६ साली मुलांच्या याच चुकांचा बारकाईने अभ्यास प्रसिद्ध केला. ही चूक आळसाची नाही. मुलाला राशीचे कातडे दिसते, तिची आतली रचना दिसत नाही. आणि जे दिसत नाही ते सूत्र सांगून दिसू लागत नाही.

मग ते दाखवावे कसे? सुताराकडून एक इंची लाकडी ठोकळे करून घ्यावेत. तेवढे जमत नसेल तर सारख्या काडेपेट्या चालतात. पाच इंच, चार इंच आणि तीन इंच मापांचे एक खोके घ्यावे. पहिल्या दिवशी मुलांनी अंदाज सांगायचा, मग खोके भरायचे, उलटे करायचे आणि ठोकळे मोजायचे. साठ निघतात. बाकी काही बोलायचे नाही.

दुसऱ्या दिवशी ठोकळे मुद्दाम कमी द्यावेत. तळाचा एकच थर भरेल एवढे, आणि वर दोन. मुले तळ भरतात. एका ओळीत पाच, अशा चार ओळी, म्हणून थरात वीस. उरलेले दोन ठोकळे कोपऱ्यात एकावर एक चढवले की कळते, असे तीन थर. वीस, वीस आणि वीस. आता खोके कुशीवर कलते करा. थर बदलतात. बारांचे पाच थर होतात. पुन्हा कलते केले तर पंधरांचे चार. तरी साठ ते साठच. गुणाकाराचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही, हा नियम मुलांनी हाताने फिरवून पाहिला.

तिसऱ्या दिवशी तीन कडांपुरतेच ठोकळे द्यावेत. एका कोपऱ्यातून निघणाऱ्या तीन ओळी. इथे एक गंमत होते, ती शिक्षकाने आधीच ओळखून असावे. कोपऱ्यातला ठोकळा तिन्ही ओळींचा असतो. पुष्कळ मुले म्हणतात, "तो एकदा मोजला, आता पुन्हा कशाला?" आणि पाच, चार, तीन यांऐवजी पाच, तीन, दोन यांचा गुणाकार करून तीस सांगतात. त्यांना रागावू नये. "तुझ्या तीस ठोकळ्यांनी खोके भरून दाखव," एवढेच म्हणावे. खोके अर्धेच भरते आणि शिक्षकाचे काम खोके करते.

चौथ्या दिवशी ठोकळे नाहीत, नुसते रिकामे खोके आणि मोजपट्टी. आता सूत्र मूलच सांगते, आणि आपल्या शब्दांत सांगते : 'एका थरात किती, आणि थर किती.' आईच्या खड्ड्याचेही तेच. तळाशी सहा चौरस मीटर. त्यावर पूर्ण मीटरभर उंचीचा थर असता तर सहा घनमीटर. थर अर्ध्याच मीटरचा, म्हणून तीन. ज्याला थर कळला त्याला अपूर्णांक भीती घालत नाही.

ही रीत कोणी परदेशातून आणली, असे कृपा करून समजू नका. ज्याला पाठ्यपुस्तकात 'इष्टिकाचिती' म्हणतात, त्या शब्दाकडेच पाहा. इष्टिका म्हणजे वीट आणि चिती म्हणजे रचलेली रास. शब्दातच थर आहेत. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त, म्हणजे इ. स. ११५० च्या सुमारास, खाताचा आणि चितीचा असे दोन स्वतंत्र व्यवहार सांगितले आहेत. खड्ड्याची लांबी, रुंदी आणि खोली सगळीकडे सारखी नसेल तर ती अनेक ठिकाणी मोजावी, बेरजेला स्थानांच्या संख्येने भागावे, आणि मग तळाच्या क्षेत्रफळाला खोलीने गुणावे, असे ते सांगतात. तीन आकडे एका दमात गुणा असे ते म्हणत नाहीत. आधी क्षेत्रफळ, मग खोली. चितीच्या बाबतीत तर ते स्पष्टच म्हणतात, की राशीच्या घनफळाला विटेच्या घनफळाने भागले की विटांची संख्या मिळते आणि राशीच्या उंचीला विटेच्या उंचीने भागले की स्तरांची संख्या मिळते. स्तर म्हणजेच आपला थर. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापल्याचा तेराव्या शतकाच्या आरंभीचा शिलालेख आपल्याच चाळीसगावजवळ पाटणे येथे आहे. ज्या भूमीत हा विषय दगडावर कोरला गेला, तिथे आपण तो मुलांच्या जिभेवर ठेवून थांबलो.

आता दुसरी अडचण. आकार बदलला तरी घनफळ तेच राहू शकते, ही गोष्ट मुलाला सहज पटत नाही. झाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह १९४८ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात एक सुंदर प्रयोग दिला आहे. तळाशी तीन बाय तीन आणि उंची चार असे छत्तीस ठोकळ्यांचे एक घर. मुलाला सांगायचे, की लोकांना हे घर सोडून लहानशा बेटावर जायचे आहे. तिथे तेवढीच जागा असलेले घर बांधून दे. बेट दोन बाय दोनच. लहान मुले पहिल्या घराच्या उंचीला आली की थांबतात. नऊ मजले चढवायला हवेत, हे त्यांच्या मनात येत नाही. हा खेळ तुम्ही आज घरी जाऊन नातवंडांबरोबर खेळू शकता. दुधाच्या रुंद आणि उभट भांड्यांत आपणही अजून फसतो, तेव्हा मुलांना हसू नका.

तिसरी गोष्ट मापांच्या नात्याची. लिटर म्हणजे दहा सेंटिमीटर बाजूचा घन. १७९५ सालच्या फ्रेंच कायद्यापासूनची ही व्याख्या. पुठ्ठ्याचा तसा घन मुलांकडून करून घ्यावा. मग एकेक मीटर लांबीच्या बारा काठ्या दोरीने बांधून घनमीटरचा सांगाडा उभा करावा. मी वर्गात विचारतो, यात किती लिटर पाणी मावेल? बहुतेक हात 'दहा'साठी वर येतात, काही 'शंभर'साठी. मग लिटरचे पुठ्ठे तळाशी मांडायला लागतो. एका ओळीत दहा, ओळी दहा, थर दहा. हजार! हजार लिटर पाणी म्हणजे हजार किलो वजन. ज्या मुलाने हे पाहिले, तो गच्चीवर टाकी बसवताना खालच्या भिंतीचा विचार करील. बाजू दुप्पट तर घनफळ आठपट, हे त्याला पाठ करावे लागणार नाही.

आणि हे नागरिकाला कशाला हवे? वाळूची ट्रॉली येते. मालक म्हणतो एक ब्रास. ब्रास म्हणजे शंभर घनफूट. दहा फूट लांब, पाच फूट रुंद आणि दोन फूट उंच भरली असेल तरच ती ब्रास. उंची दीड फूट असेल तर पाऊण. पंचवीस मिलिमीटर पाऊस पडला असे वाचतो. दहा मीटर लांब आणि आठ मीटर रुंद गच्चीवर तो पंचवीस मिलिमीटर उंचीचा एक थर आहे. त्यात दोन हजार लिटर पाणी आहे. वर्तमानपत्रात धरणांचे आकडे टीएमसीत येतात. हा टीएमसी म्हणजे हजार फूट बाजूचा पाण्याचा एक घन! हजार गुणिले हजार गुणिले हजार, म्हणजे शंभर कोटी घनफूट. सुमारे दोन हजार आठशे तीस कोटी लिटर. कोयनेची साठवण सुमारे १०५ टीएमसी, असे आपण सहज बोलून जातो. तसे १०५ घन डोळ्यांपुढे उभे करा, म्हणजे पाण्याच्या वाटपाची चर्चा आपण कोणत्या वस्तूबद्दल करतो ते कळेल. ज्या समाजाला घनफळ दिसत नाही, त्याच्या पाण्याचा हिशेब दुसरे लोक करतात.

आज संगणकाच्या पडद्यावर घन गरगर फिरवून दाखवता येतो. त्याला माझा विरोध नाही. पण पडद्यावरच्या घनाला वजन नसते आणि त्याचा तळ भरताना बोटे कोपऱ्यात अडकत नाहीत. आधी हात भरू द्या, मग डोळे.

सूत्राची निंदा करायला मी आलेलो नाही. सूत्र ही सोय आहे; सोयीची सुरुवात कष्टाच्या आधी करू नये, इतकेच. माझी आई आता नाही. तिला घनमीटर हा शब्दही नीट उच्चारता येत नसे. पण कोणतेही माप घेताना मी अजून तिचाच प्रश्न विचारतो, आणि वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर सूत्र न लिहिता तोच लिहितो : ह्यात ते किती बसतील?