परवाना दोघांनाही लागतो



कार्यक्रमपत्रिकेत 'पब' हा शब्द वाचून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडणारच. शेजारचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा, आणि आपल्याही यवतमाळ जिल्ह्यात बायांनी दारूविरुद्ध मोर्चे काढलेले. अशा ठिकाणी मी गुत्त्यातल्या सिनेमावर बोलायला उभा आहे.

परदेशात पबमध्ये सिनेमा दाखवायची रीत जुनी. पबची मागची खोली, पंचवीस-तीस माणसं, एक टीव्ही आणि वितरकांनी हात न लावलेल्या सिनेमाची टेप. 1970 साली न्यूयॉर्कच्या एल्गिन थिएटरात 'एल टोपो' मध्यरात्री लागू लागला आणि अशा आडवळणी चित्रपटांना त्यांचा प्रेक्षक सापडला. 1976 साली जपानातून व्हीएचएस आली. मग थिएटरचीही गरज उरली नाही.

आपल्याकडची गंमत पाहा. 1949 चा दारूबंदी कायदा आला, त्यातल्या परमिटवरून 'परमिट रूम' हा शब्द रुळला. 1952 च्या सिनेमाच्या कायद्याने सेन्सॉरचं प्रमाणपत्र सक्तीचंच ठेवलं. बारचा परवाना असो की चित्रपटगृहाचा, फाईल जिल्हाधिकारी कचेरीतच फिरते. सरकारच्या लेखी माणसाला चढणाऱ्या गोष्टी दोनच दिसतात : दारू आणि सिनेमा!

टेपने ही फाईल चुकवली. कमल स्वरूप यांचा 'ओम दर-ब-दर' हा चित्रपट 1988 चा. तो थिएटरात लागायला 2014 साल उजाडलं. मधली सव्वीस वर्षं तो हातोहाती फिरणाऱ्या नकलांवर जगला. टेपवरून टेप काढली की रंग उडतात, चेहरे पुसट होतात, पडद्यावर मुंग्या येतात. तरी लोकांनी तो पाहिला, आणि नीट दिसत नव्हतं म्हणून जास्तच निरखून पाहिला.

महोत्सवांनाही ही फाईल चुकली नाही. मुंबईच्या 2004 च्या माहितीपट महोत्सवासाठी प्रमाणपत्राची अट घालण्याचा घाट घातला गेला. विरोध झाला, अट गेली. पण निवडीत टोकदार माहितीपट गळाले. तेव्हा चित्रकर्त्यांनी 'विकल्प' नावाने आपला वेगळा महोत्सवच मांडला.

यवतमाळला असं वगळणं आणि त्याला होणारा विरोध परका नाही. 2019 च्या साहित्य संमेलनात लेखिका नयनतारा सहगल यांचं निमंत्रण याच गावात मागे घेतलं गेलं, आणि मंडपात काही बाया त्यांच्या चेहऱ्याचे मुखवटे लावून बसल्या. आपल्याच तेलंग टाकळीतल्या कापूस उत्पादकांवर 'बिटर सीड्स' हा माहितीपट 2011 साली आला. असे चित्रपट आपल्या टॉकीजमध्ये कोण लावणार?

मग पबमध्ये असं काय होतं, जे टॉकीजमध्ये होत नाही? बिल यायचं असतं, म्हणून माणूस उठत नाही. टॉकीजमध्ये 'समाप्त' झालं की पुढच्या खेळाची गर्दी दारात असते. पबमध्ये शेजारचा म्हणतो, 'हे काही पटलं नाही बुवा,' आणि खरा खेळ तिथून सुरू होतो. चिथावणी पडद्यावर असते. ती पचते या बोलण्यात.

त्यासाठी दारू कशाला हवी? आपल्याकडे तशी जागा आधीपासून आहे. गावचा पार. तिथेही कुणाला उठायची घाई नसते, आणि वाद घालायला कुणी परवाना मागत नाही. एक पांढरी चादर बांधा, कपाशीतून परतलेल्या माणसांना बोलवा, त्यांचाच सिनेमा त्यांना दाखवा. मग दिवा लावा आणि गप्प बसा. बोलतील ते.