माळ्यावरची आगगाडी

संसारांत वस्तु टाकून देण्यापेक्षां जपून ठेवण्याची प्रवृत्ति अधिक, आणि जपून ठेवलेल्या वस्तूंचा विसर पडण्याची त्याहूनहि अधिक. घर बदलतांना, भिंतींना रंग देतांना किंवा एखाद्या वडीलधाऱ्या माणसाच्या पश्चात् त्याची खोली आवरतांना माळ्यावरून एखादी पेटी खालीं उतरविली जाते. धूळ झाडून दोर सोडला कीं पिवळ्या पडलेल्या वर्तमानपत्राच्या घड्यांतून पत्र्याचें एक इंजिन, तीन-चार डबे, कांहीं वांकडे झालेले रूळ आणि एक किल्ली बाहेर येते. घरांतल्या वृद्धांना तें खेळणें कोणाचें होतें तें आठवतें, किंवा आठवत नाहीं. मुलांना तें आतांच्या आतां चालवून पाहावयाचें असतें. आणि व्यवहारी मंडळी त्याची आज किती किंमत येईल याचा हिशेब करूं लागतात. या तीन ओढींच्या मधोमध ती गाडी उभी असते. तिच्यासंबंधीं त्या दिवशीं होणारा निर्णय बहुधा घाईचा असतो, आणि घाईंत झालेली कांहीं हानि मागाहून भरून काढतां येत नाहीं. म्हणून अशी पेटी हातीं आल्यास चार गोष्टी ठाऊक असलेल्या बऱ्या.

पहिली गोष्ट ही कीं, आगगाडी हें इतर खेळण्यांसारखें खेळणें नव्हे. भोंवरा, बाहुली किंवा सावंतवाडीचीं रंगीत लाकडी फळें हीं विकत घेतलीं त्याच दिवशीं पूर्ण असतात. आगगाडी कधींच पूर्ण होत नाहीं. ही युक्ति मूळ जर्मनींतल्या ग्योपिंगेन गांवच्या मेर्क्लिन कुटुंबाची. त्यांचा धंदा १८५९ सालीं निघाला तो बाहुल्यांच्या स्वयंपाकघरांतलीं पत्र्याचीं चिमुकलीं भांडीं करण्यासाठीं. संस्थापक १८६६ सालीं वारला. त्याच्या पश्चात् कारोलिने या त्याच्या पत्नीनें धंदा सांभाळला आणि मुलांच्या हातीं दिला. बाहुलीच्या घराला दरवर्षीं नवें भांडें, नवें मेज लागतें हें या कुटुंबाला चांगलें माहीत होतें. १८९१ सालीं लाइपझिगच्या जत्रेंत त्यांनीं किल्लीवर चालणारी गाडी मांडली, तेव्हां तिच्याबरोबर इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा वळणारा रूळमार्गहि मांडला, आणि रुळांमधील अंतराचीं ठराविक मापें ठरवून त्यांस क्रमांक दिले. एका मापाचा रूळ घेतला कीं त्यावर पुढच्या वर्षीं नवा डबा, त्याच्या पुढच्या वर्षीं सांधा, मग पूल, मग स्टेशन, अशी भर घालीत जावें. यामुळेंच माळ्यावर सांपडणारी पेटी सहसा एका दिवसाच्या खरेदीची नसते. एखाद्या मुलाच्या चार-पांच वर्षांच्या वाढदिवसांचा तो क्रमवार संग्रह असतो. डब्यांचा रंग आणि घडण लक्षपूर्वक पाहिली तर कोणता आधीं आला, कोणता मागाहून, हेंहि ओळखतां येतें.

दुसरी गोष्ट, तिची ओळख पटविण्याची. साधी मोजपट्टी घेऊन दोन रुळांच्या आंतल्या कडांमधील अंतर मोजावें. तें ४५ मिलिमीटरच्या आसपास भरलें तर गाडी 'एक' क्रमांकाची, म्हणजे बहुधा जुन्या काळची आणि सधन घरांतली. ३२ मिलिमीटर भरलें तर ती 'शून्य' क्रमांकाची. दोन महायुद्धांच्या दरम्यान हेंच माप घरोघर रूढ होतें. १६.५ मिलिमीटर असेल तर ती मेजावर मावणारी लहान गाडी. तिचा प्रसार मुख्यतः १९३५ नंतरचा. आजहि सर्वांत अधिक चालणारें माप तेंच. यानंतर इंजिनाच्या पोटाखालीं आणि डब्यांच्या कडेला असलेलीं बारीक रोमन अक्षरें भिंगानें वाचावीं. या अक्षरांत कधीं कधीं मोठा इतिहास दडलेला असतो.

उदाहरणार्थ, 'जी. बी. एन.' हीं अक्षरें असलीं तर ती गाडी न्यूरेंबर्गच्या बिंग बंधूंची, पहिल्या महायुद्धाच्या सुमारापर्यंतची, 'बी. डब्ल्यू.' असलीं तर त्याच कारखान्याची, पण नंतरची. इग्नात्स आणि आडोल्फ बिंग या दोन ज्यू भावांचा हा कारखाना. १९१४ पूर्वीं खेळण्यांच्या धंद्यांत जगांत तो अग्रगण्य होता. पॅरिसच्या १९०० सालच्या प्रदर्शनांत इंग्लंडांतील नॉर्थॅम्प्टनचा तरुण व्यापारी बॅसेट-लोक याची या घराण्याशीं गांठ पडली, आणि इंग्लंडच्या रेल्वेच्या रंगांत रंगलेलीं इंजिनें जर्मनींत तयार होऊं लागलीं. १९२२ सालीं याच दोघांच्या सहकार्यानें मेजावर चालणारी लहान गाडी बाजारांत आली. पुढें कारखान्याची स्थिति ढासळली. इग्नात्सचा मुलगा स्टेफान बिंग १९२७ सालीं त्यांतून बाहेर पडला आणि त्यानें ट्रिक्स या दुसऱ्या कंपनींत जम बसविला. १९३५ सालीं तिची विजेवर चालणारी लहान गाडी निघाली. परंतु तोंवर जर्मनींत नाझींचें राज्य आलें होतें. १९३८ सालीं त्याला ज्यू म्हणून आपला धंदा सोडून इंग्लंडांत आश्रय घ्यावा लागला. पोटाखालचीं तीन अक्षरें पुसून, नवा रंग देऊन गाडी 'चकचकीत' करूं पाहणारा माणूस आपण काय पुसतों आहों हें जाणत नसतो.

इंग्लंडांत या खेळाला घरचें रूप दिलें तें लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यानें. भोंकें पाडलेल्या धातूच्या पट्ट्या आणि मळसूत्रें यांचा त्याचा जोडखेळ १९०१ सालीं पेटंट झाला. पुढें तोच मेकॅनो या नांवानें जगभर गेला आणि हिंदुस्थानांतल्या शहरी घरांतहि शिरला. महायुद्धानें जर्मन माल बंद पडला होता. युद्धानंतर, १९२० सालीं, हॉर्नबीनें किल्लीची आगगाडी काढली, आणि १९३८ सालीं 'डब्लो' नांवाची लहान गाडी. मग पुन्हां युद्ध आलें. ब्रिटिश सरकारनें १९४२ सालीं धातूचीं खेळणीं करण्यास बंदी केली. कारखाने युद्धसाहित्याकडे वळले. हॉर्नबीचा लिव्हरपूलचा कारखाना १९७९ सालीं कायमचा बंद पडला. ज्या मुलाला १९३८ सालीं इंजिन मिळालें, त्याचे पुढचे डबे कधीं आलेच नसतील. अपुरी राहिलेली पेटी दिसली कीं त्यामागें केवळ हौस सरल्याचेंच कारण असेल असें समजूं नये.

महाराष्ट्रीय वाचकांस या खेळाचा सर्वांत थाटाचा नमुना पाहावयाचा असेल तर तो ग्वाल्हेरीस आहे. माधवराव शिंदे यांना आगगाडीचा षौक होता. त्यांच्या संस्थानांत दोन फुटी रुळांची खरीखुरी रेल्वे होती, आणि तिच्यावरील गाड्या २०२० सालापर्यंत धांवत होत्या. जयविलास प्रासादांत भोजनाच्या लांबलचक मेजावर चांदीची एक विजेची गाडी रुळांवरून फिरे. तिला सात डबे. प्रत्येकावर 'सिंदिया' या इंग्रजी नांवाचें एक एक अक्षर. पाहुण्यानें डब्यांतली सुरई उचलली कीं गाडी थांबे, परत ठेवली कीं चालूं लागे. ती आज तेथील संग्रहालयांत आहे. परंतु असल्या गाड्या केवळ चैनीसाठींच होत असत असेंहि नाहीं. मँचेस्टरच्या व्हिक्टोरिया स्थानकांत १९१२ सालीं एका रेल्वे कंपनीनें बॅसेट-लोक कंपनीकडून छोटा रूळमार्ग आणि सिग्नल करवून घेतले, आणि पुढें अनेक दशकें सिग्नलवाल्यांना त्यावर धडे दिले. तो रूळमार्ग आतां यॉर्कच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयांत आहे.

तिसरी गोष्ट क्षयाची. बंद पेटींत वस्तु जशीच्या तशी राहते ही समजूत खरी नाहीं. कल्हईदार पत्र्यावरचा रंग जेथें खरचटला असेल तेथून गंज शिरतो. वंगण वाळून राळेसारखें चिकट होतें. तारेवरचें रबर कडक होऊन तडकतें. वर्तमानपत्राच्या कागदांतील आम्ल रंगावर डाग पाडतें. पण या सर्वांहून विलक्षण रोग ओतीव जस्ताचा. १९३० च्या सुमारास इंजिनांचीं चाकें आणि पुढें पुढें संपूर्ण शरीरें जस्ताच्या मिश्रधातूचीं ओतलीं जाऊं लागलीं. या धातूंत सुमारें चार टक्के ॲल्युमिनियम असतें. त्यांत शिसें, कथील किंवा कॅडमियम यांचा अगदीं अल्प अंश, टक्क्याच्या कांहीं सहस्रांशांइतका जरी, मिसळला, तरी दमट हवेंत धातूच्या कणांच्या सांध्यांतून गंज आंत आंत पसरत जातो. वस्तु फुगते, वांकते, तिला केसासारख्या भेगा पडतात, आणि शेवटीं ती बोटांत चुरडते. बाहेरचा रंग मात्र बराच काळ शाबूत असतो. म्हणून चांगलें दिसणारें इंजिन उचलतांच त्याचें चाक हातांत तुकडे होऊन यावें, असें घडतें.

हा दोष घडणाऱ्यांच्या निष्काळजीपणाचा. अतिशुद्ध, म्हणजे ९९.९९ टक्के, जस्त वापरल्यास तो टळतो हें अमेरिकेंतील संशोधनानें १९२० नंतरच्या दहा वर्षांत सिद्ध झालें होतें. तरी कारखान्यांतून शिशाचे तुकडे आणि इतर भंगार त्याच भट्टींत पडत राहिलें. संग्राहकांनीं या रोगाला 'जस्ताची कीड' असें नांव दिलें आहे, परंतु ती कीड नव्हे. शेजारच्या निरोगी डब्याला ती लागत नाहीं. तिच्यावर औषधहि नाहीं. दमटपणा कमी ठेवून तिचा वेग कमी करतां येतो, एवढेंच. मुंबईच्या किंवा कोंकणच्या पावसाळ्यांत कौलाखालच्या माळ्याइतकी वाईट जागा या गाडीला दुसरी नाहीं. कोरड्या कपाटांत, साध्या आम्लरहित कागदांत गुंडाळून ठेवलेली गाडी पुष्कळ अधिक टिकते. ज्या वर्तमानपत्रांत ती गुंडाळलेली होती तें मात्र फेंकूं नये. त्यावरची तारीख हाच कित्येकदां ती पेटी कधीं बांधली गेली याचा एकमेव पुरावा असतो. तें वेगळें जपावें.

आतां चौथी गोष्ट, आणि तीच महत्त्वाची : ती चालवावी कीं नाहीं? विजेची जुनी गाडी सांपडतांच तिची तार भिंतींतल्या खोबणींत घालणें हा शुद्ध अविचार होय. आरंभीच्या कांहीं गाड्या, हॉर्नबीची १९२५ सालची पहिली विजेची गाडीहि, घरांतल्या विजेवरच, मध्यें एक दिवा घालून चालत. त्यांच्या उघड्या रुळांना हात लावणें म्हणजे जिवाशीं खेळ. नंतरच्या गाड्यांना बारा किंवा वीस व्होल्टचा सौम्य दाब पुरे, पण त्यांचे जुने ट्रान्स्फॉर्मर आज विश्वसनीय नाहींत. जाणत्या कारागिराकडून नवा लावून घ्यावा. किल्लीच्या गाडीला प्रथम जुनें वंगण काढून थेंबभर नवें तेल द्यावें, आणि दोन-तीनच वेढे देऊन पाहावें. जुनी कमान तुटून उसळली तर बोटाला इजा करते. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असल्यामुळें तान्ह्या मुलाच्या तोंडापासून ती दूर असावी. रंग नव्यानें देऊं नये; मऊ कोरड्या ब्रशानें धूळ झाडावी, तेवढें पुरे. आणि मूळ खोकें, तें कितीहि फाटकें असलें तरी, टाकूं नये.

एवढी काळजी घेतल्यावर, धातु निरोगी असेल तर, गाडी चालवावी. कांचेच्या कपाटांत तिला कायमची कोंडणें हेंहि एक प्रकारें माळ्यावर टाकणेंच आहे. पुण्यास कोथरूडमध्यें भाऊ जोशी यांनीं १९९८ सालीं उघडलेलें लघुरेल्वेचें संग्रहालय लोकांना प्रिय झालें तें याच कारणानें, कीं तेथें गाड्या धांवतात. गाडी विकावयाची असेल तर तेंहि गैर नाहीं. परंतु किंमत विचारण्यापूर्वीं घरांतील सर्वांत वृद्ध माणसाला ती दाखवावी. ती कोणाची, कोणी आणली, कोणत्या सालीं, आणि खेळ कां थांबला, हें आज सांगणारें माणूस उद्यां असेलच असें नाहीं. जस्त सडण्यास पन्नास वर्षें लागतात. आठवणींना त्याहून थोडा काळ पुरतो. ती माहिती एका कागदावर पेन्सिलीनें लिहावी, खालीं तारीख घालावी, आणि तो कागद इंजिनाशेजारीं खोक्यांत ठेवावा. मग संध्याकाळीं जमिनीवर रूळ जोडावे आणि घरांतल्या सर्वांत लहान मुलाच्या हातीं किल्ली द्यावी.